सगुण मेस्त्री : नोंद घ्यावी की नाही

निमकरबाई,
तुमचा तक्ता पोचला. जन्म, शिक्षण, प्रदर्शनं, पुरस्कार, शिष्य,
आणि किमान दोन छापील उल्लेख,
ज्यांचे कलावंताशी काही लागेबांधे नसावेत असे.
तुम्ही लिहिलंत : तिकडेच आहात,
तर जरा बघून कळवा, हा माणूस कोशात बसतो का.

मस्कतला सव्वीस वर्षं मी हिशेब तपासतो.
पावती नाही तर खर्च झालाच नाही,
हे म्हणत म्हणत पोट भरलं.
माणूस बरोबर गाठलात.

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत, मत्र्याला गेलो.
मागच्या गल्लीत लोबानाचा धूर, मासळीचं पाणी,
पाट्या सगळ्या नव्या, पोटात दिवे असलेल्या.
एका लाँड्रीवर तेवढी जुनी उरलीय, पत्र्याची.
तांबडा उन्हाने खाल्लाय. इथे तांबडाच आधी जातो.
निळा आहे. निळ्यात तारेवर एक सदरा
आणि त्याच्या बाहीत वारा असा भरलाय
की मी मागे वळून पाहिलं, कुठून येतोय.
गल्लीत वारा नव्हता.

(हे पुराव्यात धरू नये.)

अरबी त्याला येत नसे. अक्षरं तो चित्रासारखी काढी,
डावीकडून उजवीकडे,
शब्दाच्या शेपटापासून तोंडाकडे.
वाचणाऱ्याला पत्ता लागत नसे.
एकदाच, म्हणे, दाताच्या डॉक्टरकडे एक ठिपका जास्त पडला,
आठवडाभर लोक हसत हसत आत शिरले.
दात मात्र काढूनच गेले.

शिक्षण : आजगाव, सातवी. "नापास," भाचा फोनवर म्हणाला.
व्यवसाय : लेबर कार्डावर, गवंड्याचा मदतनीस.
प्रदर्शनं : वादी कबीरपासून रुवीच्या पुलापर्यंत, तेरा वर्षं, दिवसरात्र.
हे लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला असलं चालत नाही.
शिष्य : एक, रफीकुल, चितगावचा.
तो आता फ्लेक्सचं मशीन चालवतो.
गुरूचं नाव घेतल्यावर त्याने मशीन बंद केलं.
थोडा वेळ गेला.
मग पुन्हा चालू केलं.

नमुन्यांची एक पेटी होती.
ती गोनूच्या पुरात गेली, खोलीच्या दारासकट.

छापील उल्लेख एक सापडला.
लाँड्रीवाल्या मोइदूच्या गल्ल्यात, बटणांच्या डबीखाली :
नगरपालिकेची पावती, विनापरवाना भिंत रंगवली,
दंड दहा रियाल.
अरबीत ग नाही, म्हणून नाव साजून मेस्तरी.
तारीख आहे. शिक्का ठसठशीत.
लागेबांधे तर अजिबातच नाहीत.
बाई, आमच्या धंद्यात याला अव्वल पुरावा म्हणतात.

काय काढलं होतं, मी विचारलं.
फणस, मोइदू म्हणाला. पुरुषभर उंच नव्हे, फणसाएवढाच उंच,
बुंध्याला फळं लगडलेली.
गिऱ्हाइकांना उभं राहायला सावली नाही म्हणून.
पालिकेने चुना मारायला लावला.
चुनाही त्यानेच मारला, दोन हात, नीट.
मजुरी घेतली नाही.
पण लोक कपडे न्यायला आले की अजून तिथेच थांबतात,
त्या कोऱ्या भिंतीला लागून.
"सवय," मोइदू म्हणाला, आणि इस्त्री उचलली.

तर, निर्णय.
नाव सगुण, पुरावे निर्गुण.
दोन हवेत, एक आहे. नियमाने नोंद होत नाही.
तसं खाली सहीनिशी लिहिलंय.
पावतीची नक्कल जोडतोय, ती परत पाठवू नका.
मृत्यूचा रकाना कोरा आहे. भाच्याला साल आठवेना,
चतुर्थीच्या आधी की नंतर एवढ्यावरच घरात वाद झाला.

आता एक शंका, बैठकीत हवी तर मांडा.
हे पत्र तुम्ही कुठे छापलंत,
तर तो दुसरा उल्लेख होईल का?
बहुधा नाही.
तिथून निघताना मीही त्या भिंतीपाशी उभा राहिलो,
बराच वेळ, एकेचाळीस डिग्रीत, टोपी काढून.
तेव्हा लागेबांधे नाहीत
असं मला आता लिहून देता येणार नाही.